सात नंबरची पाटी माझ्या हातात

जहाजावर रोज सकाळी लाऊडस्पीकरवरून एक बाई बोलायची. बंदर यायचं असेल त्या दिवशी जरा जास्तच बोलायची. "आपल्या गटाची पाटी ओळखा. पाटीच्या मागे चला. पाटी थांबली की थांबा. काहीही झालं तरी पाटी सोडू नका." पाटी म्हणजे टेबल टेनिसच्या बॅटसारखी एक गोल फळी, तिला लांब दांडा, आणि फळीवर गटाचा नंबर. गाईडने ती डोक्यावर धरायची आणि बाकीच्यांनी मागे जायचं. त्या बाईने हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं भरवलं होतं, की जेवणाच्या हॉलमध्ये एखादा वेटर ट्रे उंच धरून निघाला तरी दोन-चार जण हातातला चमचा ठेवून उभे राहायचे.

मी मात्र तिचं बोलणं अगदी मन लावून ऐकायचो. माझं सगळं त्या पाटीवरच अवलंबून होतं.

त्याचं असं, की मला रस्ते कळत नाहीत. लहानपणापासून. एकदा एका लग्नाला मागाहून एकटाच गेलो आणि दुसऱ्याच हॉलमध्ये शिरलो. नवरा-नवरीला पाकीट दिलं, फोटो काढून घेतला, पोटभर जेवलो आणि घरी आलो. ही खऱ्या हॉलच्या दारात माझी वाट बघत उपाशी उभी. ही म्हणजे माझी बायको. आमच्यात कामाची वाटणी होती. गादी-उशांचं दुकान मी सांभाळायचं आणि रस्ता तिने सांभाळायचा. बाहेर पडलो की ती पुढे, मी मागे. तिच्या पदराकडे बघत मी अख्खा जन्म काढला आणि कधी कुठे चुकलो नाही.

मागच्या वर्षी ती गेली. त्यानंतर मी दोनदा घर चुकलो. एकदा दूध घेऊन परत येताना मागच्या इमारतीत शिरलो, तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि दुसऱ्याच्या कुलपात किल्ली फिरवत बसलो. आतल्या बाईने आरडाओरडा केला. पोलीस येता येता राहिले.

हे ताईला कळलं. ताई माझी मोठी बहीण, दुसऱ्या गावात राहते आणि तिथूनही माझ्यावर लक्ष ठेवते. तिने माझ्या लेकीला फोन केला, दोघींचं ठरलं, आणि मला नुसतं कळवण्यात आलं, की घर बंद करायचं आणि मी ताईकडे राहायचं. मी नाही म्हणालो. आमचं स्वयंपाकघर अरुंद आहे. ओट्याशी एकजण उभा असेल तर दुसऱ्याला अंग चोरून जावं लागतं. मी अजूनही चहा करताना मधेच एका बाजूला सरकतो, तिला जायला वाट म्हणून. ताईच्या मोठ्या स्वयंपाकघरात मी कोणासाठी सरकणार? पण हे काही मला ताईला सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मला माझं जमतंय."

"जमतंय?" ताई म्हणाली. "बरं. जहाजाच्या सहलीला चल माझ्याबरोबर. बंदरं बघायची आहेत, गर्दी असणार. त्यात एकदाही हरवला नाहीस तर राहा बाबा तुझ्या घरी. पण एकदा जरी हरवलास, तर विषय संपला. घराला कुलूप आणि तू माझ्याकडे."

म्हणून मी पाटीवर जीव ठेवून होतो.

पहिली दोन बंदरं निभावली. तिसरं बंदर फार जुनं शहर होतं. बसने आम्हाला किल्ल्याच्या मोठ्या दरवाज्यापाशी आणून सोडलं. तिथे आमचा गाईड भेटणार होता. ताई गुडघ्यांमुळे मागच्या सीटवरून सावकाश उतरणार होती. मी मात्र दार उघडताच सगळ्यांच्या आधी उडी मारली. समोर एक तरुण पोरगा सात नंबरची पाटी घेऊन उभा होता. मी सरळ जाऊन त्याच्या पाठीला चिकटलो. हरवायला फटच ठेवायची नाही, असं ठरवलं होतं.

तो म्हणाला, "नमस्कार काका," आणि बसकडे जायला वळला. मीही वळलो. माझा पाय त्याच्या टाचेवर पडला आणि त्याच्या बुटाचा तळ टरकन सुटून मगरीच्या तोंडासारखा उघडला.

"अरे देवा! फार जुना होता का?" मी विचारलं.

"आजच नवा घातला होता काका," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "असा चालू कसा मी? शेजारच्याच गल्लीत बूट शिवणारा बसतो. पाच मिनिटांत आलो. तुम्ही एवढं धरा." त्याने पाटी माझ्या हातात दिली. गळ्यातला छोटा स्पीकर माझ्या गळ्यात घातला, माईक माझ्या कॉलरला अडकवला, आणि एका पायावर उड्या मारत गल्लीत दिसेनासा झाला.

तोवर बाकीचं कोणीच खाली उतरलं नव्हतं. उतरले तेव्हा त्यांना पाटी दिसली, स्पीकर दिसला आणि त्याच्या आत मी.

"मी गाईड नाही," मी लगेच सांगितलं. स्पीकरमधून ते चौकभर घुमलं.

सगळे हसले. डोक्यावर भलीमोठी टोपी घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "मागच्या बंदरातला पण हेच म्हणाला होता. मी गाईड नाही, मी तुमचा मित्र आहे. शिकवतात त्यांना असं."

ऊन चढलं होतं. मी विचार केला, तो येईपर्यंत समोरच्या भिंतीच्या सावलीत उभं राहावं. रस्ता ओलांडला. मागे पावलांचा आवाज आला. वळून बघतो तर अख्खा गट माझ्या मागे. मी घाबरून परत उन्हात आलो. गटही उन्हात आला. पुन्हा सावलीत गेलो. पुन्हा सगळे सावलीत.

"या भिंतीचं काही विशेष आहे का?" टोपीवाल्यांनी विचारलं. "दोनदा दाखवलीत म्हणून म्हटलं."

तेवढ्यात आणखी दोन बस आल्या. नऊ नंबर आणि बारा नंबर खाली उतरले आणि आम्हाला ढकलत ढकलत पुढे घेऊन गेले. आणि मला लघवीला लागली. बसमध्ये ताईच्या आग्रहाने बाटलीभर पाणी प्यालो होतो. भिंतीवर बाण दिसला, मी बाणाच्या दिशेने निघालो. शौचालयाच्या दारापर्यंत सगळे मागे होते. बाया दाराबाहेर थांबल्या, पण पुरुषमंडळी पाटीच्या मागे थेट आत आली. माईक कसा बंद करतात ते मला ठाऊक नव्हतं. आत मी स्वतःशी पुटपुटलो, "एवढं पाणी कशाला प्यालो देव जाणे," आणि ते बाहेरच्या बायांनाही ऐकू गेलं. बाकीचं काय काय ऐकू गेलं ते मी विचारलं नाही.

शौचालयाला दोन दारं होती. मी कुठल्या दाराने बाहेर पडलो असेन ते सांगायला नको.

बाहेर अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दगडी घरं, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. किल्ल्याचा दरवाजा नाही, बस नाही, नऊ नाही, बारा नाही. बाया मात्र "अहो, थांबा, थांबा" करत वळसा घालून धावत आल्या. अशा वेळी मी नेहमी करतो तेच केलं. हळूच म्हणालो, "आता कुठे जायचं गं?"

हे मी हिला विचारतो. ती नाही हे मला माहीत आहे. पण सवय जात नाही.

स्पीकरमधून ते सगळ्या गल्लीत गेलं. मागून मोठ्या उत्साहात उत्तर आलं, "तुम्ही म्हणाल तिकडे!"

आणि त्या आवाजांच्या मागून आणखी एक ओळखीचा आवाज आला. "बाब्या?"

ताई गर्दीतून वाट काढत पुढे आली. ती उंचीने लहान आणि गुडघ्यांमुळे सगळ्यांच्या मागे, त्यामुळे तिला आत्तापर्यंत लांबून फक्त पाटी दिसत होती. पाटीखाली मी, हे तिला आवाजावरून कळलं. मी माईक मुठीत घट्ट दाबला.

"तू काय करतोयस इथे? गाईड कुठाय?"

"बूट शिवायला गेलाय."

"आणि आपण कुठे आहोत?"

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"म्हणजे हरवलास."

"मी कुठे हरवलो?" मी म्हणालो. "पाटी माझ्याकडे आहे, माणसं माझ्याकडे आहेत. जो इथे नाही तो हरवला."

"वकील झाला असतास तर बरं झालं असतं," ताई म्हणाली. "किल्ल्याच्या दरवाज्यापाशी आम्हाला परत नेऊन दाखव, मग मानते. नाही नेलंस, तर घराला कुलूप. शब्द म्हणजे शब्द."

"नेतो की," मी म्हणालो.

"अहो गाईड!" मागून कोणीतरी छत्रीचं टोक दगडावर आपटलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. जहाजावर जेवणाच्या रांगेतसुद्धा त्या लोकांना उंचीप्रमाणे उभं करायच्या. "इतकं चाललो, माहिती एका शब्दाची नाही. आम्ही काय नुसते पाय मोकळे करायला आलोय?"

आता मी काय माहिती सांगणार? मला गादीत कापूस किती घालावा ते सांगता येईल. समोर एक लांबलचक जुनी इमारत होती, बिनखिडक्यांची, मोठमोठी लाकडी दारं असलेली. गोदाम असावं. सगळे माझ्याकडे बघत होते. ताई सर्वांत जास्त बघत होती. त्यांना जर कळलं असतं की मी रस्ता शोधतोय, तर तिथेच सगळं संपलं असतं. मी तोंड उघडलं आणि जे मला माहीत होतं ते बाहेर आलं.

"हे गोदाम," मी म्हणालो, "इथल्या राजाने राणीसाठी बांधलं. राणीला रिकामी बरणी, रिकामा डबा, काही म्हणजे काही टाकवत नसे. लागेल कधीतरी, म्हणायची. पिशव्यांमध्ये पिशव्या घालून ठेवायची. राजवाड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा राजाने हात टेकले आणि हे बांधलं."

"सन?" टोपीवाल्यांनी विचारलं. त्यांच्या हातात पेन होतं.

"जुना."

"आणि लागल्या का त्या बरण्या कधी?" गटात एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, त्यातल्या बायकोने विचारलं.

"एकदा लागल्या. राजाने नवी बरणी फोडली तेव्हा."

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि तू मला टाकायला लावतोस."

मी पाटी उचलून निघालो. दरवाजा कुठे असेल याचा अंदाज बांधत डावीकडे वळलो. डावीकडे एक छोटा चौक होता आणि चौकात गंजलेली तोफ. दरवाजा नव्हता. सगळे तोफेभोवती गोल करून उभे राहिले.

"ही तोफ," मी म्हणालो, "राजाने हौसेने आणली. शत्रूवर रोज सकाळी अर्धा तास चालवणार, असं घरभर सांगितलं. राणी म्हणाली, तुम्ही चार दिवससुद्धा चालवणार नाही. राजा चिडला. त्याने तीन दिवस चालवली. मग राणीने तिच्यावर टॉवेल वाळत घातले. ते कायमचेच."

ही आमची व्यायामाची सायकल. अजून बाल्कनीत आहे.

ताईने माझ्याकडे चमकून बघितलं. तिने ती सायकल बघितली होती.

"सन?" टोपीवाले.

"त्याच्या पुढचा."

मुख्याध्यापिका खूश झाल्या. "अशा पद्धतीने शिकवला तर इतिहास मुलांच्या लक्षात राहील," त्या म्हणाल्या. "पुढे चला. रांग मोडू नका. टोपी, तुम्ही रांगेत या."

पुढच्या गल्लीत एक भिंत जरा कललेली होती. ती राजाने स्वतःच्या हाताने बांधलेली निघाली. त्याने सर्वांना बोलावून दाखवली, तेव्हा राणी काहीच बोलली नाही, फक्त मान तिरकी करून बघितलं. मग सासरे आले, त्यांनी मान तिरकी करून बघितलं. तेव्हापासून त्या राज्यात सगळे त्या भिंतीकडे मान तिरकी करूनच बघत. अख्ख्या गटाने मान तिरकी करून फोटो काढले. आमच्या बैठकीच्या खोलीतली फळी मी ठोकलेली आहे.

सांगता सांगता मला मजा वाटायला लागली. हिच्याबद्दल मी वर्षभर कोणाशी एवढं बोललो नव्हतो. लोक भेटायला यायचे, आवाज बारीक करून बसायचे आणि निघून जायचे. इथे लोक हसत होते, पुढचं सांगा म्हणत होते. नवी नवरी म्हणाली, "राणी किती गोड होती हो." मी म्हणालो, "गोड नव्हती. पण बरोबर असायची." त्यावर मुख्याध्यापिकांनी टाळी वाजवली.

पण दरवाजा काही सापडेना. मी डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, एकदा तर पुन्हा त्याच तोफेपाशी आलो आणि म्हणालो, "ही दुसरी तोफ. राजा शहाणा झाला नव्हता." टोपीवाल्यांना शंका आली, पण त्यांनी लिहून घेतलं. ताईने पहिली तोफ आणि दुसरी तोफ यांच्यावरचा एकच कावळा ओळखला. तिने नुसती मान हलवली.

शेवटी उतार लागला आणि आम्ही समुद्रावर आलो. जुना धक्का होता, रुंद दगडी पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. पुढे रस्ताच नव्हता. आमचं जहाज लांब दुसऱ्या टोकाला दिसत होतं, आणि किल्ला कुठेच दिसत नव्हता. मी थांबलो. पाटी थांबली म्हणून सगळे थांबले आणि पायऱ्यांवर बसले, बाटल्या काढून पाणी प्याले. ताई माझ्याशेजारी गुडघे धरून बसली.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो. मी हरलो होतो. आता पाटी खाली ठेवायची, लोकांची माफी मागायची आणि घरी जाऊन सामान बांधायचं, एवढंच उरलं होतं.

"तो दीपस्तंभ कोणाचा?" नव्या नवऱ्याने विचारलं. धक्क्याच्या टोकाला एक पांढरा दीपस्तंभ होता.

म्हटलं, एवढं सांगू आणि मग कबूल करू.

"तो राणीने बांधला," मी म्हणालो. "राजाला रस्ते कळायचे नाहीत. दरबार उरकून निघाला की भलत्याच्या राजवाड्यात शिरायचा. राणी आधी पहारेकरी पाठवायची. मग कंटाळली. तिने दिवा लावला. म्हणाली, दिवा दिसला की तिकडे या, बाकी कुठे बघू नका. तो यायचा. उशिरा यायचा, पण यायचा. ती जेवायची थांबलेली असायची आणि वर चिडायचीही."

कोणी हसलं नाही. मला वाटलं आवडलं नाही.

"मग राणीचं पुढे काय झालं?" नव्या नवरीने विचारलं.

हे मला कोणी आत्तापर्यंत विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते विचारत नसत. मी पाटी मांडीवर घेतली.

"आजारी पडली," मी म्हणालो. "राजाने वैद्य आणले. इकडचे आणले, तिकडचे आणले. ती म्हणायची, कशाला एवढी धावपळ, तुम्ही परत येताना चुकाल. मग एक दिवस गेली."

टोपीवाल्यांचं पेन उघडंच होतं. त्यांनी सन विचारला नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग मुख्याध्यापिकांनी घसा साफ केला. "आणि राजा? राजाने काय केलं?"

मी उत्तर देण्याआधी ताई बोलली. "राजाला एक मोठी बहीण होती."

सगळे तिच्याकडे वळले.

"शेजारच्या राज्यात," ताई म्हणाली. "फार प्रेमळ होती. तिच्याकडे एक आख्खी खोली रिकामी होती. ती म्हणाली, तू माझ्याकडे ये. इथे एकटा काय करणार?"

"आणि फार हुकूम सोडायची," मी म्हणालो.

"काळजी करायची!"

"पाणी पी म्हणायची, आणि पाणी प्यायलं की काय झालं ते सगळ्यांनी ऐकलंय."

"तुम्हाला हा इतिहास माहीत आहे?" टोपीवाल्यांनी ताईला विचारलं.

"थोडाफार," ताई म्हणाली.

"जायला हवं होतं राजाने," नवा नवरा म्हणाला. "आयतं जेवण, आयता चहा."

"अजिबात नाही!" नवी नवरी म्हणाली. "तिचं सगळं त्या घरात आहे. बरण्या आहेत, तोफ आहे."

"दोन तोफा," टोपीवाले म्हणाले. "पण राजवाडा एवढा मोठा. एकट्याने झाडायचा कधी? भाड्याने द्यावा."

"तुम्ही तुमच्या बायकोच्या मागे घर भाड्याने द्याल?" नवी नवरी त्यांच्यावर उसळली.

"मी आत्ता द्यायला तयार आहे. ती नाही म्हणते."

"तो हरवतो हो!" ताईचा आवाज चढला. "रोज हरवतो! त्या बहिणीला रात्री झोप लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं. एकच भाऊ आहे तिला. हे कोणी बघत नाही!"

ताईला झोप लागत नाही हे मला माहीत नव्हतं. तिने मला नेहमी रागावूनच सांगितलं होतं.

गलका वाढला. मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "हात वर करा! ज्यांना वाटतं राजाने जावं त्यांनी." ताईचा हात आधीच वर होता. टोपीवाल्यांनी अर्धा वर केला. नव्या नवऱ्याने केला आणि बायकोने तो खाली ओढला. मग मुख्याध्यापिकाच म्हणाल्या, "थांबा, थांबा. इतिहासात मतदान चालत नाही. जे झालं ते झालं. गाईड, काय झालं ते सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईने हात खाली घेतला.

"सांग," ती म्हणाली. "पण खरं सांग."

मी जरा विचार केला. "राजाने सामान बांधलं होतं," मी म्हणालो. "बहिणीचं बरोबर होतं. तो चुकायचा, रोज चुकायचा. पण त्याला एक गोष्ट माहीत होती. कितीही चुकला तरी शेवटी ज्या दाराशी जाऊन थांबायचं ते दार त्याचं होतं. बहिणीच्या गावात चुकला असता, तर कुठे पोचायचं हेच त्याला कळलं नसतं. म्हणून त्याने सामान सोडलं."

ताईने पदराने नाक पुसलं.

"आणि बहिणीने काय केलं?" नव्या नवरीने विचारलं.

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "बहीण म्हणाली, राहा तिकडेच, मर. पण रोज सकाळी मला फोन करायचा."

"त्या काळी फोन?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"कबुतर हो, कबुतर," ताई म्हणाली. "रोज सकाळी एक कबुतर पाठवायचं, मी जिवंत आहे आणि माझ्याच घरात आहे म्हणून. एक दिवस जरी कबुतर आलं नाही, तर बहीण सैन्य घेऊन येईल आणि त्याला खुर्चीसकट उचलून नेईल. तह झाला. दोघांनी सही केली."

"सन?" टोपीवाल्यांनी टोपी पुन्हा घातली होती.

"हाच," ताई म्हणाली.

तेवढ्यात वरच्या गल्लीतून कोणीतरी "सात नंबर! सात नंबर!" असं ओरडत पळत आलं. तो आमचा गाईड होता, घामाने निथळलेला, एका बुटाला नवी शिलाई. शौचालयातून माझा आवाज आला तो एका दुकानदाराने ऐकला होता, त्यानंतर ज्याने त्याने बोट दाखवलं म्हणून तो इथवर पोचला होता. आम्ही सगळे जागेवर आहोत हे बघून तो धापा टाकत पायरीवरच बसला. मी त्याला पाटी दिली, स्पीकर दिला. त्याने लगेच कामाला सुरुवात केली.

"तर मंडळी, समोरचा दीपस्तंभ हा बंदर समितीने..."

"राणीने," सगळे एकदम म्हणाले.

"कुठली राणी?"

"यांना काहीच माहीत नाही," मुख्याध्यापिका मला म्हणाल्या. "नवीन दिसतात."

त्याने बिचाऱ्याने बसपर्यंत तीनदा प्रयत्न केला. गोदाम मिठाचं होतं म्हणाला, तेव्हा नवी नवरी त्याच्यावर इतकी चिडली की तो माफी मागून गप्प बसला. कललेल्या भिंतीपाशी सगळ्यांनी मान तिरकी केली, तेव्हा त्यानेही मुकाट्याने केली.

बसमध्ये ताईने माझ्या लेकीला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"हं, ऐक. तो त्याच्याच घरी राहणार... का म्हणजे? इतिहासात तसंच झालंय, त्याला आपण काय करणार... नाही गं, ऊनबिन काही लागलेलं नाही मला. तू तुझं काम कर."

तिने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि माझ्याकडे वळली.

"उद्यापासून कबुतर," ती म्हणाली. "चुकवायचं नाही."

उद्या सकाळी आम्ही एकाच केबिनमध्ये, दोन हातांच्या अंतरावर झोपलेले असणार होतो. तरी मी हो म्हणालो.